तिसरं पान

पर्वरी, बुधवार सकाळ

प्रिय चिमे,

शिगम्याच्या सुमाराला तुझं पत्र आलं होतं, आणि आता श्रावण लागला. फोनवर दोनदा "लिहिते" म्हणाले आणि लिहिलं नाही, त्याबद्दल रागावली असशील तर तुझा राग रास्त आहे. तब्येत ठीक. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, साखर थोडी वर आहे, गुडघे होते तसेच.

आज लिहायला बसले, कारण गेल्या शुक्रवारी मी पुन्हा तेच केलं. तुमच्या माजघरात केलं होतं ते. इथे हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, बाई, एवढं काय त्यात. तू म्हणणार नाहीस.

मी इथे वर्ग घेते हे तुला माहीत आहे. आमच्या संकुलात आता रोज काही ना काही शिकणं चालतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवतात, एक डॉक्टरीणबाई हृदयाच्या औषधांबद्दल सांगतात, एकजण गच्चीवर तारे दाखवतात. पहिल्या सभेत इथल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, की फ्रान्समध्ये तुलूझच्या विद्यापीठाने 1973 साली निवृत्तांसाठी वर्ग उघडले, आणि 1982 पासून इंग्लंडात म्हाताऱ्यांनीच एकमेकांना शिकवायची रीत पडली. परीक्षा नाही, पदवी नाही. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला द्यायचं. मला वाचायला शिकवता येतं. अडतीस वर्षं तेच केलं. म्हणून बुधवार-शुक्रवार चार वाजता, चहानंतर, जेवणघरात माझा देवनागरीचा वर्ग. सातजण आहेत. एक तमिळ जोडपं, कॉन्व्हेंटात शिकलेल्या तिघी, एक निवृत्त बोटवाले, आणि मडगावच्या बाई.

मडगावच्या बाईंचं वय शहाऐंशी. वडलांनी पोर्तुगीज शाळेत घातलं, सेगुंद ग्राव, म्हणजे तिथली प्राथमिक, झालेल्या. तबुआद, म्हणजे पोर्तुगीज पाढे, अजून घडाघडा म्हणतात, "दोयश वेझिश त्रेश, सैश", आणि माझ्याकडे असं बघतात की आता मी पुढचं म्हणायचं. घरात बोलणं कोंकणी, पूजाअर्चा मराठीत, पण देवनागरी कधी शिकल्याच नाहीत. लग्न करून आफ्रिकेत, मोझांबिकातल्या लोरेंसु मार्किशला (आताचं मापुतो) गेल्या, नवऱ्याची तिथे सरकारी नोकरी. 1958 ते 60 या काळात आईची पत्रं येत. मराठीतली, बोरूने लिहिलेली, अकरा पत्रं. बाईंना वाचता येत नसे, म्हणून नवरा वाचून दाखवी.

शिकायला कशाला येता, असं मी पहिल्या दिवशी विचारलं. म्हणाल्या, "म्हाकाच वाचपाक जाय." माझं मलाच वाचायचं आहे. मग बऱ्याच वेळाने, कपातला चहा गार झाल्यावर म्हणाल्या, ते वाचताना मधेच थांबायचे. घसा खाकरायचे. मग पुढे वाचायचे. माणूस वाईट नव्हता, पण पासष्ट वर्षं झाली, ते थांबणं माझ्या डोक्यातून जात नाही.

चिमे, माझ्या हातातला खडू खाली पडला.

त्यांना शिकवायला मला नव्याने शिकावं लागलं. लहान पोरांना शिकवणं आणि हे वेगळं. उतारवयात कान आधी उंच, बारीक आवाज सोडतो. स, श, फ, थ जातात, स्वर राहतात. म्हणजे बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाही, आणि आपण मूर्खासारखे ओरडतो. पंखा बंद करायचा, समोर बसायचं, ओठ दिसू द्यायचे. डोळ्याचं भिंग पिवळसर झालेलं असतं, म्हणून उजेड दुप्पट हवा, आणि कागद चकाकता नको. मी आईची पत्रं म्हापशाहून मोठी करून आणली, एकेक अक्षर लिंबाएवढं. घ आणि ध, भ आणि म एका दिवशी शिकवायचे नाहीत. आणि ख! आईच्या हातचा ख म्हणजे र आणि व शेजारी शेजारी. आईने लिहिलं होतं, "तुझे बाबा सकाळीच पणजीस रवाना झाले." बाईंनी सावकाश बोट फिरवत वाचलं, "तुझे बाबा सकाळीच पणजीस खाना झाले." बोटवाले म्हणाले, पोर्तुगीज अमलात काहीही होऊ शकत होतं. बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. तुझ्या दादाने वहिनीच्या माहेरी पाठवलेल्या तारेची आठवण झाली, पण ते इथे लिहीत नाही, तुझी सून वाचेल.

आता काळजीचं सांगते. बाईंची आठवण जाऊ लागली आहे. डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं. नवं आधी जातं, जुनं राहतं. सकाळी काय खाल्लं ते नाही, पण तबुआद शाबूत. मी ऐकलेल्या एका रीतीने शिकवते. अक्षर दाखवायचं, अर्ध्या मिनिटाने विचारायचं, मग एका, मग दोन, मग चार. चुकायच्या आत आपणच सांगून टाकायचं, कारण चूकच पक्की बसते. आणि खरं सांगते, अक्षरं बसताहेत! हात-डोळ्यांची सवय राहते. काय वाचलं ते मात्र राहत नाही. शुक्रवारी वाचलेली ओळ बुधवारी त्यांना नवी असते. आईच्या घरी गाय व्याली, याचा आनंद त्यांना आतापर्यंत चारदा झाला आहे. चारही वेळा मीही टाळ्या वाजवल्या.

मुलगा लिस्बनला असतो. भला माणूस. व्हिडिओवर मला म्हणाला, "बाई, आईला कशाला दमवता, तुम्हीच वाचून दाखवा आणि संपवा." व्यवस्थापनातली मुलगी म्हणाली, विस्मरणाचा त्रास असलेल्यांना या महिन्यापासून चित्रं रंगवायच्या गटात घालायचं आहे, वर्गाला "प्रगती होणारे" लोक हवेत. तिला मी म्हटलं, शहाऐंशीव्या वर्षी ज्ञ ओळखणाऱ्या बाईची याहून आणखी कसली प्रगती हवी? रंगवायला माझी ना नाही. पण ज्याला वाचायचं आहे त्याच्या हातात रंगपेटी देऊ नये. ती गप्प झाली. नाव अजून यादीत आहे, पुढच्या महिन्याचं सांगता येत नाही.

आणि आता ते. सातवं पत्र चार पानांचं आहे. मोठी प्रत काढून आणली आणि क्रम लावताना तिसरं पान डोळ्यांखालून गेलं. आईने लिहिलंय: "तुझा जीव तिथे घुसमटत असेल तर एकटी निघून ये. वडलांचं मी बघते. घराचं दार नुसतं लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही."

तिथेच ते खाकरले असणार.

शुक्रवारी वर्गाआधी मी ते पान काढलं आणि माझ्या कपाटात, साड्यांखाली ठेवलं. दुसऱ्या पानावरून चौथ्यावर गेलं तर जोड कळत नाही, मी पाहिलं. मनाशी म्हटलं, या बाई ते वाचतील, रडतील, बुधवारी विसरतील, पुन्हा वाचतील, पुन्हा पहिल्यांदाच रडतील. गाईचा आनंद चारदा होतो, तसं हे दुःखही दर वेळी नवं होणार. नवरा वारलेला, आई वारलेली, लोरेंसु मार्किशचं नावही बदललं. कुणासाठी उघडायचं हे दार?

असं सगळं अगदी पटण्यासारखं. तेव्हाही पटलं होतं ना. तू गोवराने अंथरुणाला खिळलेली, गोवामुक्तीनंतरचा दुसरा पावसाळा, तुझी आई चुलीपाशी, आणि गिरगावच्या मामांचं पत्र माझ्या हातात. "चिमीला इकडे पाठव, मी शाळेत घालतो, खर्चाची चिंता नको." चौदा वर्षांची होते मी. तू गेलीस तर मी नदीवर कुणाबरोबर जाणार, एवढंच डोक्यात आलं. ती ओळ सोडून मी पुढची वाचली, मुंबईला कांदे महागले ती. मामांना वाटलं, तुझ्या आईने उत्तरच दिलं नाही. आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव शाळा काढल्या तेव्हा तू सतराची, लग्न झालेली, कडेवर पोर. ट्रंकेत ते पत्र सापडलं तेव्हा तू दोन वर्षं बोलली नाहीस. तिसऱ्या वर्षी चोर्ला घाट उतरून आलीस, अंगणात उभी राहून म्हणालीस, "पाठवली असती की नसती ते आईचं आईने ठरवलं असतं. तू कोण?" मग आत येऊन जेवलीस. तेव्हा मी काही बोलले नाही. आज म्हणते: कुणी नाही. कुणीच नव्हते.

तरीही शुक्रवारी तेच. म्हणून शनिवारी रात्री झोप लागेना. दोन वाजता उठून पान काढलं, उजेडात धरलं. ओळ त्यांच्यासाठी लिहिलेली आहे, चिमे. रडायचं की हसायचं, की "बघ, मला वाटतच होतं" म्हणून समाधान मानायचं, हे मला काय माहीत? कदाचित पासष्ट वर्षं ज्या जागी नुसतं खाकरणं ऐकलं, तिथे आईचा आवाज आला तर त्यांना बरंच वाटेल. कदाचित नाही. त्या रडल्या तर मी शेजारी असेन. दर वेळी असेन. एवढंच माझ्या हातात आहे, असं वाटतं. पण तुझं मत मला हवं. ज्याच्यापासून ओळ लपवली गेली, असं माझ्या ओळखीचं दुसरं माणूस नाही.

तुझ्या मसाल्यांचं ऐकलं, नातवाने पुण्यालाही धाडायला सुरुवात केली म्हणे, फार छान. पाठीला पट्टा लाव, ओझी उचलू नकोस. सुनेला बाळंतपणानंतर कसं आहे? चवथीला येणार असशील तर आधी कळव, खतखतं करते, आणि तुझ्या यजमानांना वेगळ्या खोलीत झोपवते, मागच्या वेळी त्यांच्या घोरण्याने तारे दाखवणाऱ्यांना भूकंप वाटला होता. सोलं सुकवली आहेत, कुणी बेळगावला निघालं की देते.

उत्तर पत्रानेच दे, फोन नको. फोनवर तू मला लगेच माफ करून मोकळी होतेस.

तीन वाजता पोस्टाची पेटी उघडतात म्हणून थांबते. चार वाजता वर्ग. पानं क्रमाने लावून ठेवली आहेत, एक, दोन, तीन, चार. बाई दुसऱ्याच्या शेवटच्या ओळीवर आहेत.

तुझी
शकू