बाबा, मामाला 55 चा रेट काऊन सांगितला?

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा तुम्ही चिडता, अन आई मधातच फोन घेऊन "जेवला का" विचारते, म्हणून लिहून पाठवून राहिलो. बाबांचा डोळा अजून हिरव्या पट्टीखाली असेल तर ताई वाचून दाखवेल. ताई, मधले आकडे गाळू नको, सगळं आकड्यांचंच आहे.

काल मामाचा फोन होता. "भाऊजी म्हणत होते पोरगा 55 रुपये चौरस फुटानं अंगणात सिमेंटचे गट्टू लावून देते, मंग कधी येतं?" मी गप. म्हटलं मामा येऊन पाहतो. आता बाबा, तुम्ही पुण्यात ताईच्या गॅलरीत बसून आर्वी तालुक्यातल्या अंगणाचा रेट कसा काय काढला मला समजलं नाही. राग नाही, पण हे तिसऱ्यांदा झालं, अन पहिल्या दोन वेळेस मी तुमचा शब्द मोडू नये म्हणून हो म्हणून गेलो.

पहिलं काम आठवते ना, तुमच्या ओळखीतल्या कास्तकाराचं, 800 फुटाचं अंगण? तेव्हा मी ठेकेदाराकडचं काम सोडून दोनच आठवडे झाले होते, ठेकेदाराकडे आठ वर्षं गट्टू लावले, पण भाव कधी काढला नव्हता, ते काम त्याच्या डायरीत व्हायचं. तुम्ही 62 रुपये फूट सांगून ठेवले होते, मी हो म्हटलं. 49,600. हिशोब असा होता की तुकडे-कटिंग धरून 850 फूट गट्टू, गाडीभाडं धरून 34 नं 28,900, खाली दीड इंच दगडाची चुरी म्हणजे 100 घनफूट, बरोबर एक ब्रास, 3,500, तीन माणसं पाच दिवस 500 रोजानं 7,500, दाबायची धुम्मस मशीन दोन दिवस 2,000. झाले 41,900. मला वाटलं 7,700 सुटले.

पण मी सब्बल मारून पाहिलीच नाही. वरतून मुरूम दिसत होता, त्याच्या खाली बोटभरावर काळी माती. अन काळी माती तुम्हाला मी काय सांगू बाबा, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर गट्टू लावले तर पहिल्याच पावसाळ्यात झोपाळे होतात. जेसीबी बोलावला, सहा इंच माती काढली, मुरूम भरला. सहा इंचाचे हिशोबानं चार ब्रास होतात, पण मुरूम पाणी मारून दाबला की बसते, पाच ब्रास टाकले तेव्हा चार भरले. 1,800 नं 9,000, अन जेसीबीचे दोन तासांचे 2,400. म्हणजे खर्च झाला 53,300 अन बिल 49,600. घरचे 3,700 घालून मी त्या माणसाचं अंगण करून दिलं. वाढीव मागायला तोंड नव्हतं, कागदावर काही लिहिलंच नव्हतं, अन तो म्हणे "तुमच्या बाबानं तर एकच भाव सांगतला होता."

अन यात माझे सात दिवस धरलेलेच नाहीत. ही गोष्ट मला नंतर रात्री झोपताना सुचली, की मी मजूर लावले तर त्यांचे 500 धरले अन मी स्वतः गुडघ्यावर बसून लेव्हलचा दोर धरत होतो त्याचे शून्य. तुम्हाला वाईट वाटेल पण हे मी आपल्या वावरातच शिकलो. तुम्ही कापसाचा खर्च सांगायचे तेव्हा बियाणं, खत, फवारणी, वेचाईचे बायकांचे पैसे, एवढंच. आईनं निंदण केलं, तुम्ही रात्रीच्या लायनीवर ओलित केलं, ते कुठे लिहिलेलंच नसायचं. सरकारचा कृषी मूल्य आयोग सुद्धा हमीभाव काढताना घरच्या माणसाची मजुरी खर्चात धरते, त्याला ते ए-2 अधिक एफएल म्हणतात, अन सी-2 काढताना तर स्वतःच्या जमिनीचं भाडं अन भांडवलाचं व्याजही धरते. आपल्या घरात मात्र ती मजुरी कधी कोणी धरली नाही. तुमचा तरी इलाज नव्हता, 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8,110 हमीभाव होता, पण गाडी भरून घेऊन गेलं की भाव समोरचा सांगते. माझ्या धंद्यात भाव मला सांगता येते. मग मी काऊन तसाच हिशोब करू?

म्हणून मी बसून वर्षाचा हिशोब केला. घर, गाडीचं पेट्रोल, कटर मशीनचा हप्ता, ब्लेड, फोन, आई तुझ्या गोळ्या, सगळं धरून महिन्याला 20,000 लागतात, म्हणजे वर्षाचे 2,40,000. आता कामाचे दिवस किती? जून ते सप्टेंबर काळ्या मातीत गाडी फसते, खोदकाम होत नाही. मग दिवाळी, लग्नं, माप घ्यायला फिरणं, उधारी मागायला फिरणं (याला एक दिवस नाही, चार चकरा लागतात). पकडून पकडून 160 दिवस. 2,40,000 भागिले 160, दीड हजार. म्हणजे ज्या दिवशी मी कुणाच्या अंगणात उभा आहे त्या दिवशी 1,500 माझे निघालेच पाहिजेत, नफा त्याच्या वरचा. हे ऐकून आई म्हणेल "दीड हजार रोज? कलेक्टर हाय का?" पण आई, ते 365 दिवसांवर पसरवून पाहा, साडेसहाशे रुपये होतात, अन त्यातच मशीनचा हप्ता.

नफ्याचंही मला उलटंच समजत होतं. खर्चावर 20 टक्के चढवले की 20 टक्के उरते असं वाटायचं. पण 100 चे 120 केले तर 120 मधले 20, म्हणजे शेकडा सतराही नाही. बिलातले 20 हवे असतील तर 25 चढवावे लागतात. ताई, तू बरोबर का ते बघ.

दुसरं काम त्या लग्नाच्या लॉनचं, तेही तुमच्याच शब्दावर घेतलेलं, ते थोडक्यात सांगतो कारण आठवलं की डोकं दुखते. मालकाला एप्रिलच्या लग्नांसाठी हिरवळ पाहिजे होती, मी मार्चमध्ये गवताचे गालिचे टाकून दिले अन तोंडानं म्हणून गेलो की वाळलं तर बदलून देतो. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन, त्यात बोअरचं पाणी आटलं, वरतून मांडवाचे खांब अन कढया. वाळणारच होतं. अर्धे गालिचे माझ्या खर्चानं बदलले. आता मी झाडाची अन गवताची हमी देत नाही, पाणी मालकाचं तर जगणं पण मालकाचं, हे आधी लिहून घेतो. आगाऊ पण घेतो, सामान पडायच्या आधी चाळीस टक्के. "कापूस विकला की देतो" म्हणणाऱ्याला मी म्हणतो, मग कापूस विकला की काम सुरू करू.

आता मामाचं. काल संध्याकाळीच जाऊन पाहून आलो. तीन जागी सब्बल मारली, दोन जागी काळी. 1,200 फूट, अन ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आत येते, तर 60 एमएम जाडीचा गट्टू तिथं चालणारच नाही, 80 चा लागते. तुमच्या 55 नं होतात 66,000. अन नुसते गट्टूच, 1,260 फूट 44 नं, 55,440 चे! नऊ इंच भरावाला 11 ब्रास मुरूम 19,800, चुरी 5,250, जेसीबी 4,800, मशीन 4,000, मजूर नऊ दिवस 13,500, माझे नऊ दिवस 13,500. बेरीज 1,16,290. फुटाला 97. नफा एक रुपया धरला नाही, मामा आहे म्हणून. पण माझा रोज मी सोडत नाही, अन तसं कागदावर वेगळ्या ओळीत लिहून दिलं की मामालाही दिसावं.

मामी आधी गप झाली. मग मीच म्हटलं की सगळ्या अंगणाला गट्टू कशाला, ट्रॅक्टरची वाट अन ओट्यासमोरचं तेवढं करा, 500 फूट, बाकी मुरूम दाबून राहू द्या, निंबाच्या बुडाला पाणी मुरेल. मामीला ते पटलं. मामा म्हणे "भाऊजीला विचारतो." म्हणून तर हे पत्र. तुम्हाला फोन येईल. बाबा, हात जोडून सांगतो, रेट सांगू नका. एवढंच म्हणा, "पोरगा पाहून आला ना, त्यानं लिहून दिलं तेच." कोणीही विचारलं तरी म्हणा, पोरगा येऊन पाहील. अन आई, मामा तुझा भाऊ आहे, तू मधात पडून दहा रुपये कमी करशील हे मला माहीत आहे, तर तूही नको.

बाकी इकडे ठीक. धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी केली मोबाईलवरून, फुकट असते, त्याचे एक जण दोन हजार मागत होता. जीएसटीचं सध्या नाही, वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली तर पाहू. गाय आटली आहे, दूध शेजारून घेतो.

आधीच्या कामांतले उरलेले गट्टू गोठ्याजवळ पडले होते, ते आईच्या भांडे घासायच्या जागी लावले. दहा फुटाला दोन इंच उतार दिला. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, सरळ कढीपत्त्याच्या बुडात जाते. तुळशीजवळची माती तशीच ठेवली आहे, सारवायला तुला लागते म्हणून.

पट्टी निघाली की तारीख कळवा, पुलगाव स्टेशनला घ्यायला येतो.

तुमचा
बंडू