क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र: नवी रायफल आणि अडीचशे खुर्च्या

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

रविवारी माझ्या मुलीने नवी एअर रायफल पहिल्यांदा रेंजवर चालवली. खरं तर हे पेढे वाटायचं पत्र होतं.

मी एसटीच्या आगारात मेकॅनिक. पोरगी क्लबच्या जुन्या रायफलीवर शिकली. त्या रायफलीच्या हवेच्या सिलिंडरची दहा वर्षांची मुदत संपली, आता तो स्पर्धेत चालत नाही. मग पावणेतीन लाखांची रायफल घेतली. हिच्या पाटल्या गहाण, वर पतसंस्थेचं कर्ज, आणि आठ महिने वाट. खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला धाडायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. आता पाटल्यांवर भागतं, एवढी प्रगती मान्य करायलाच हवी.

पहाटेच्या गाडीने क्रीडा संकुलात पोचलो. नव्या रायफलीचा सिलिंडर रिकामाच येतो, तो भरायला कॉम्प्रेसर लागतो. कॉम्प्रेसर बंद. गेल्या दिवाळीत मला लेखी उत्तर आलंय, ‘पंधरा दिवसांत दुरुस्त होईल’. कुठल्या वर्षातले पंधरा दिवस, ते लिहिलेलं नाही. शेवटी कोचनी स्वतःच्या टाकीतली उरलीसुरली हवा दिली. इलेक्ट्रॉनिक टार्गेटांवर ताडपत्री. दहा लेनपैकी सातांमध्ये मंडपवाल्याच्या खुर्च्या, मी मोजल्या, अडीचशेच्या आसपास. कुणा नेत्याचा वाढदिवस होता म्हणे.

मग पुठ्ठ्यावर कागदी टार्गेट चिकटवलं. साहेब, दहा मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नवी रायफल अंगाला बसवायला खांद्याला टेकणारा बट, गालाची पट्टी, ट्रिगर, नेम धरायची साइट सगळं तिळातिळाने हलवावं लागतं, आणि दर बदलानंतर गोळ्या कुठे जमतात ते बघावं लागतं. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर गोळीला 10.2 गुण की 10.7 ते कळतं. कागदावर डोळे फाडून बघायचं. तरी तिने चार गोळ्या एका भोकात घातल्या. पाचवीला बोट ट्रिगरवर, आणि टार्गेटमागच्या दारातून मंडपवाल्याचा पोऱ्या खुर्च्या न्यायला आत! तिने रायफल खाली घेतली. मला घाम फुटला. तो पोऱ्या हसला. बाविसाव्या गोळीला हवा संपली. परतीच्या गाडीत ती एक शब्द बोलली नाही. माझं बीपी तेव्हापासून खाली आलेलं नाही, पण तो क्रीडा खात्याचा विषय नाही.

दिवसाला शंभर गोळ्या मारल्या तर पाचशेचा डबा पाच दिवसांत संपतो. मला दीड हजारांच्या खाली मिळालेला नाही. माझा पगार कधी होतो ते परिवहनमंत्र्यांना विचारा.

कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांवर कांस्य आणलं, तेव्हा आमच्या संकुलावरही फ्लेक्स लागला. त्याच्याएवढाच फोटो नेत्यांचा. हरियाणा कांस्याला अडीच कोटी देतं, आपण आधी एक कोटी जाहीर केलं. त्या एका कोटीत पस्तीस-छत्तीस रायफली येतात (हिशेब डेपोच्या डायरीमागे केलाय, तपासून घ्या). स्वप्नीलचं कमी करा म्हणत नाही, त्याला अजून द्या. पण पदकानंतर कोटी आणि पदकाआधी ताडपत्री, हा कुठला न्याय? आपलीच तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती झाली, तेव्हाही हारतुरे झाले होते. इकडे ट्रॅम्पोलिन खेळाच्या बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याचं पेपरात वाचतो. पोरीला मी काय सांगू, सराव सोड आणि शिक्का शोध?

टेंडर, मंजुरी, तिसरी सही, वर्षअखेर, ‘निधी परत गेला’. आमच्या डेपोतही हेच. टायर नाही म्हणून गाडी उभी आणि फलाटावर माणसं उभी.

मागणी छोटी आहे. खुर्च्या हलवा, टार्गेटमागच्या दाराला कुलूप लावा. कॉम्प्रेसर मी खिडकीतून पाहिला. मला तर सील गेल्यासारखं वाटतंय. पुढच्या साप्ताहिक सुट्टीला सील घेऊन येतो आणि फुकट बसवून देतो. त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, तेवढं कळवा. चौकीदार म्हणतो साहेबांकडे; साहेब म्हणतात चौकीदाराकडे.

आपला,
एका नेमबाज मुलीचा बाप