वस्तादाला गल्लीतच राहू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याबद्दल आपल्या अंकात आलेलं तक्रारपत्र वाचलं. तो कोंबडा आमच्या गल्लीतला. त्याला 'उचलून न्या' अशी त्यात मागणी आहे, म्हणून हे लिहितोय.

गेल्या आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीतून, पी-ढबाक वाजंत्रीच्या गलक्यात, तो निसटला. नैवेद्याचाच असणार. हुडकत मात्र कुणी आलं नाही. आमची गल्ली काही माळकऱ्यांची नव्हे, त्यामुळे सुरुवातीला बऱ्याच जणांना तो रश्श्यातच दिसत होता. पण तो हाताला लागेना. तोवर आखाड सरला, श्रावण लागला आणि सगळे गप्प बसले. श्रावणात तो गिरणीच्या पायरीवर सांडलेली ज्वारी टिपू लागला. झाडू मारणाऱ्या मावशींच्या मागं मागं फिरायचा. खराट्यानं पाला उलटला की खालचे किडे याचे. तुरा डावीकडं कललेला, मान ताठ. रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला तरी चाल बदलत नाही. तालमीतल्या पोरांनी त्याचं नाव 'वस्ताद' ठेवलं. एकदा नाव पडल्यावर सुरी कोण लावणार?

आता आवाजाचं. झोपमोड होते ही तक्रार खरी आहे. पत्रलेखकांनी रात्री दहा ते सकाळी सहाच्या नियमाचा हवाला दिलाय. ती वेळ 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत ध्वनिक्षेपकांसाठी आहे. मिरवणुकीत डॉल्बीनं खिडक्यांची तावदानं थरथरतात तेव्हा हा नियम कुणाला आठवत नाही, पण ते असो. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजारी कोर्टात गेले होते. 2019 मध्ये ते हरले, वर हजार युरो भरपाई भरायचा हुकूम त्यांच्यावरच झाला. गावाकडचे आवाज आणि वास हा वारसा आहे, असा कायदाही तिथं 2021 मध्ये झाला. मला स्वतःला तो दाखला इथं लावायचा नाही. भिंतीला भिंत लागून घरं असलेली पेठ म्हणजे खेडं नव्हे, आणि दुसऱ्या पाळीहून आलेल्या माणसाला वारसा ऐकवून झोप लागत नाही.

'दिवे बंद करा, म्हणजे उजेड नाही तर आरवणार नाही,' असाही एक सल्ला आलाय. तो पुरा पडणार नाही. कोंबड्याचं घड्याळ त्याच्या अंगातच असतं. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की, उजेड बदलला नाही तरी कोंबडा पहाटेच्या सुमाराला आरवतोच.

जुना उपाय मात्र आहे. आरवायला कोंबड्याला मान उंच ताणावी लागते. ठेंगण्या डालग्याखाली ती ताणता येत नाही, मग बांग एक तर येतच नाही किंवा दबकी येते. आमच्या आजीच्या परड्यात रोज रात्री कोंबडी अशीच झाकत. उजाडायचं राहत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे, वस्तादानं फक्त सहापर्यंत दम धरायचा.

डालगं आणलंय. रात्री झाकायचं आणि सकाळी काढायचं काम तालमीतल्या पोरांनी अंगावर घेतलंय. ठेवायची जागा गिरणीमागच्या बोळात योजली आहे. तिथनं रस्त्याकडच्या घरांना आवाज कमी जाईल असा अंदाज. पत्रलेखकांनी एकदा येऊन ती बघावी. त्यांच्या खिडकीला तरीही त्रास होत असेल तर जागा बदलू.

– एक रहिवासी, मंगळवार पेठ, कोल्हापूर