हिवाळ्यासाठी जुनी गाडी घेताना आधी तिचा तळ पाहावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत नुकताच जुन्या, हौसेने जपलेल्या गाड्यांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. नवी गाडी बर्फापासून आणि रस्त्यावरच्या मिठापासून वाचवायची असेल, तर हिवाळ्यात रोज वापरण्यासाठी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची, चालवायला मजा येईल अशी एखादी गाडी घ्यावी, असा सल्ला लेखकाने दिला आहे. गेले 11 हिवाळे मी अशीच जुनी गाडी रोज चालवत आहे, त्यामुळे त्या आनंदाबद्दल माझे दुमत नाही. मात्र लेखात इंजिन, गिअरबॉक्स आणि गाडी किती किलोमीटर चालली आहे यांची सविस्तर चर्चा असून गंजाचा विषय ‘थोडाफार गंज चालायचाच’ अशा एका वाक्यात संपवला आहे. हिवाळ्यात चालवायच्या जुन्या गाडीचा खरा प्रश्न त्या एका वाक्यातच अडकलेला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

रस्त्यावर मीठ टाकतात ते पाण्याचा गोठणबिंदू खाली यावा म्हणून. साध्या मिठाचे पुरेसे संपृक्त द्रावण उणे 21 अंश सेल्सिअसपर्यंत द्रवरूप राहू शकते, पण प्रत्यक्ष रस्त्यावर उणे 9-10 अंशांच्या खाली मिठाचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचा आधार घेतला जातो. हे दोन्ही क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. त्यामुळे रस्ता वरून कोरडा दिसू लागला तरी पत्र्याच्या सांध्यांत, दुमडीत आणि पोकळ भागांत शिरलेला थर कित्येक दिवस ओलसर राहतो आणि आपले काम चालू ठेवतो. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरेसे असतात. क्षारामुळे त्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याचा वेग कितीतरी वाढतो. ही क्रिया थंडीत मंद असते आणि उबेत जलद होते, हे अनेकांना ठाऊक नसते. मिठाने माखलेली ओली गाडी रोज रात्री उबदार गॅरेजमध्ये ठेवणारा माणूस तिची काळजी घेतो आहे असे त्याला वाटते, पण उघड्यावर गोठून राहिलेल्या गाडीपेक्षा तीच गाडी लवकर गंजते.

हा गंज केवळ दिसण्याचा प्रश्न असता तर मी त्याची एवढी चिंता केली नसती. त्या काळातल्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नसते. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. दारांच्या खालून, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, सिल नावाची जी पोकळ पेटी जाते, ती या रचनेचा कणा असते, आणि टपाचा आधार नसलेल्या उघड्या गाडीत तर ती अधिकच महत्त्वाची ठरते. सिल बाहेरून रंगवलेली, चकचकीत दिसत असली तरी ती आतून कुजत येते. तिच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजली की आत साचलेले खारे पाणी तिथेच मुरते. सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेले असते ते भाग, सीटबेल्टचे बोल्ट ज्या पत्र्यात बसतात तो पत्रा, इंजिन किंवा सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट (सबफ्रेम), आणि ब्रेक ऑइल वाहून नेणाऱ्या पोलादी नळ्या ज्या क्लिपांत अडकवलेल्या असतात त्या क्लिपांखालची जागा, ही सगळी ठिकाणे अपघाताच्या वेळी आपला जीव ज्यांच्या भरवशावर असतो अशी आहेत. इंजिन बंद पडले तर आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतो. ब्रेकची नळी फुटली तर उभे राहणेच हाती उरत नाही.

मी स्वतः हे चूक करून शिकले. माझी पहिली जुनी गाडी मी इंजिनाचा आवाज ऐकून घेतली. विकणाऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितले होते की, गेल्याच महिन्यात तळाला काळ्या डांबरी कोटिंगचा नवा थर दिला आहे, आणि मीही तो गाडीचा गुण समजले. दुसऱ्या हिवाळ्यात टायर बदलण्यासाठी जॅक लावला, हँडल फिरवत गेले, जॅक वर चढत होता आणि गाडी मात्र होती तिथेच होती. खाली वाकून पाहिले तेव्हा जॅकचे डोके सिलमध्ये घुसले होते. तो काळा थर सुकलेल्या चिखलावर आणि गंजाच्या पापुद्र्यांवर मारलेला होता आणि त्याखाली पत्रा जवळजवळ उरलाच नव्हता. वेल्डिंग करणाऱ्या कारागिराने कुजका भाग कापत नेला तेव्हा चांगल्या पत्र्याची कड सापडायला त्याला सिलची निम्मी लांबी जावे लागले. तेव्हापासून ताज्या काळ्या तळाची गाडी दिसली की मी आधी दोन पावले मागे सरते. जुना, मळका, पण उघडा दिसणारा तळ मला कधीही चालेल, कारण त्यावर जे आहे ते डोळ्यांना दिसते.

म्हणून माझे म्हणणे असे की, गाडी लिफ्टवर चढवून तळ पाहू देणार नाही अशा विक्रेत्याकडून हिवाळ्यासाठी गाडी घेऊच नये. तळ पाहताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत जावे. शाबूत पत्रा खणखणीत आवाज देतो आणि कुजलेला किंवा पुट्टी भरलेला भाग बद्द वाजतो. पातळ फडक्यात गुंडाळलेले चुंबक चाकांच्या कमानींवरून आणि सिलवरून फिरवले तर पुट्टी किंवा फायबरवर ते धरत नाही. आतला गालिचा उचलून पायाखालचा पत्रा हाताने चाचपावा, डिकीतले सुटे चाक काढून त्याच्या खळग्यात पाणी किंवा गंज आहे का ते बघावे. या पाहणीला तासभर लागतो. इंजिन दुरुस्त करता येते, गरज पडल्यास दुसरे बसवता येते. कुजलेली बॉडी पुन्हा उभी करण्याचा खर्च मात्र बहुधा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न त्यानंतरचा. इथे कारखान्यात पत्र्यावर कोणता उपचार झाला होता हे पाहणे फार उपयोगाचे ठरते. पोर्शेने 1970च्या दशकाच्या मध्यापासून 911 साठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली आणि 1986 मध्ये आलेल्या ऑडी 80 ची संपूर्ण बॉडी तशा पत्र्याची होती. त्या पिढीची ऑडी 80 आजही आपल्या समवयस्क गाड्यांहून धडधाकट तळ घेऊन फिरताना दिसते, याचे कारण हेच. 1974 ते 1993 या काळात तयार झालेली व्होल्व्हो 240 आणि 1978 मध्ये आलेली पहिल्या पिढीची साब 900 या स्वीडनमध्ये, म्हणजे लांबलचक हिवाळ्याच्या देशात, घडलेल्या गाड्या आहेत, आणि त्यांचे जोरकस हीटर थंडीत बसल्यावरच कळतात. 1980 मध्ये ऑडी क्वाट्रो आली आणि वेगवान रस्त्यावरच्या गाडीतही चारही चाकांना ताकद देण्याचा मार्ग रूढ झाला. 1990च्या दशकातली सुबारू इम्प्रेझा हिवाळ्यासाठी शौकिनांना का आवडते, हेही त्यावरून समजते. 1989 मध्ये आलेली माझदा एमएक्स-5 हलकी, सरळ स्वभावाची आणि बर्फावरही समजून चालवता येणारी आहे, पण तिच्या छतावरचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की मागच्या चाकांपुढचा सिलचा भाग आतून जातो, तेव्हा तीत मन गुंतण्याआधी त्या नळ्या तपासाव्यात. फोक्सवॅगन बीटलबद्दल एक इशारा इथेच द्यावासा वाटतो. तिचे इंजिन हवेने थंड होते आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या नळ्यांभोवती फिरवलेली हवा आत सोडून गाडीत ऊब आणली जाते. ते भाग गंजून फुटले तर ऊब म्हणून कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो, आणि त्याला वासही नसतो.

चार चाकांना ताकद मिळणारी गाडी हवीच असे मात्र नाही. ती सुटताना आणि चढावर मदत करते. थांबताना आणि वळताना रस्त्याला धरून ठेवतात ते टायर. साध्या टायरचे रबर सुमारे 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, तर हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला पकडतात. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह ज्या टायरवर असते त्याने बर्फावरची ठरावीक चाचणी पार केलेली असते. अनेक देशांत टायरच्या नक्षीची कायदेशीर किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे, पण बर्फासाठी 4 मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी बदलते. जुन्या हौशी गाड्या कमी चालतात, त्यामुळे त्यांच्या टायरवर नक्षी भरपूर असते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, ते वाचावेत. चाके घसरू लागल्यावर गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा 1995 मध्ये प्रथम बाजारात आली, म्हणजे आपण ज्या गाड्यांविषयी बोलत आहोत त्यांतल्या बहुतेकींत ती नाही. मागच्या चाकांना ताकद असलेल्या अशा गाडीत पहिल्या बर्फाच्या दिवशी रिकाम्या मोकळ्या जागेत अर्धा तास सराव करावा, असे मी प्रत्येक नव्या मालकाला सांगते.

सकाळी गाडी सुरू करणे हा या व्यवहाराचा दुसरा भाग. उणे 18 अंशांना शिसे-आम्लाच्या बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेले ऑइल स्टार्टरकडून अधिक जोर मागते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे 50 अंशांतही गोठत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी मात्र उणे 10 च्या आसपासच गोठून फुटू शकते. जुन्या गाडीत अनेकदा 20डब्ल्यू-50 ऑइल भरलेले सापडते. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला घट्टपणा सांगतो, म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेत चालत असेल तर हिवाळ्यात तो आकडा लहान असलेले ऑइल भरावे. इंजिन थंड ठेवणारे कूलंट निम्मे अँटीफ्रीझ (गोठू न देणारे द्रव्य) आणि निम्मे पाणी असेल तर सुमारे उणे 37 अंशांपर्यंत संरक्षण मिळते. आधीच्या मालकाने उन्हाळ्यात नुसते पाणी ओतून ठेवले असेल, तर पहिल्याच कडक रात्री इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो.

रोजचे अंतर दोन-तीन किलोमीटर असेल तर जुनी गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढ्या अंतरात ऑइल तापत नाही, जळणातून तयार झालेली वाफ आतच पाणी होऊन राहते, ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर फेस जमतो आणि सायलेन्सर आतून कुजतो. रोज निदान पंधरा-वीस किलोमीटर सलग चालणारी गाडी याहून कितीतरी निरोगी राहते.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरोखर पत्र लिहायला बसले ती सांगते. लेखकाने वाचकांना ‘गंज नसलेली, एकाच मालकाची, कमी चाललेली गाडी शोधा आणि ती हिवाळ्यात वापरा’ असे सुचवले आहे. तीस वर्षे कोणीतरी मिठापासून जपलेली, कारखान्यातला मूळ पत्रा शाबूत असलेली गाडी तीन-चार हिवाळ्यांत संपवण्यासाठी घेणे मला पटत नाही. अशा गाड्या पुन्हा तयार होणार नाहीत आणि दरवर्षी त्या कमीच होत जाणार आहेत. हिवाळ्यासाठी त्याच मॉडेलची अशी गाडी शोधावी जिने मीठ आधीच पाहिले आहे, जिचे वेल्डिंग नीट झाले आहे, जिचा रंग उडाला आहे, आणि जिचे सुटे भाग अजून सहज मिळतात. मी सध्या चालवते ती गाडी अशीच आहे. तिच्या दोन्ही सिल नव्या पत्र्याच्या आहेत, ब्रेकच्या नळ्या तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या बसवून घेतल्या आहेत, आणि दर शरद ऋतूत पोकळ भागांत पातळ, झिरपणारे वॅक्स फवारले जाते, जे डांबरासारखे तडकून मागे पाणी अडवून ठेवत नाही. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर गेले की त्याच दिवशी मी तळ साध्या पाण्याने धुऊन घेते, आणि बर्फ संपल्यावर पुन्हा एकदा लिफ्टवर चढवून सगळे सांधे तपासते.

लेखकाला माझी एकच विनंती आहे. पुढच्या लेखात गाड्यांची छायाचित्रे द्याल तेव्हा चमकणाऱ्या बॉनेटसोबत लिफ्टवर चढवलेल्या एका गाडीच्या तळाचेही छायाचित्र द्यावे आणि त्यावर सिल, जॅक लावायच्या जागा आणि ब्रेकच्या नळ्या खुणा करून दाखवाव्यात. पहिली जुनी गाडी घेताना मला तेवढे एक छायाचित्र पाहायला मिळाले असते, तर ती गाडी मी घेतलीच नसती.

कळावे.

आपली विश्वासू,
एक वाचक