मदत न करण्याची नोकरी

भांडुप, रविवार दुपार

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई विचारते, "जेवलीस का?" म्हणून पत्र.

हॉस्पिटलची नोकरी मी सोडली. शेवटचा दिवस परवा झाला. आधी सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तुम्ही मामाला मुंबईच्या गाडीत बसवलं असतं. एक तारखेपासून पवईच्या एका कंपनीत जातेय, यूएक्स डिझायनर म्हणून. ॲप, वेबसाइट, तिकिटाचं मशीन, जे काही माणूस वापरतो ते त्याला धड वापरता येईल असं आखायचं काम. कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं, पगार आत्ताएवढाच. कायमची नोकरी नाही. बाबा, ही ओळ तुम्ही दोनदा वाचणार, म्हणून मी एकदाच लिहिते.

गणपतीत तुम्ही म्हणालात, "नऊ वर्षं माणसांत काम केलंस, आता बटणं रंगवत बसणार?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, जरा लांब आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे शहापूरकडची एक बाई आली होती. नवऱ्याचं ऑपरेशन होतं आणि मदतीचा फॉर्म ऑनलाइन. ओटीपी जायचा मुलाच्या मोबाइलवर. मुलगा भिवंडीच्या गोदामात, मोबाइल गेटवर जमा. जेवणाच्या सुट्टीत तो आकडा सांगेपर्यंत आकड्याची मुदत संपलेली. तीनदा तेच झालं, मग दिवसभरासाठी खातंच बंद. आणि ती बाई मला म्हणते, "माफ करा ताई, आम्हा अडाण्यांना नाय जमत."

मी पाच ठिकाणी फोन करून तिचं काम करून दिलं. दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी बाई. नऊ वर्षं माझं हेच चाललं होतं. फॉर्म कुणीतरी कसाही बनवायचा आणि त्यात अडकलेल्यांना मी एकेक करून बाहेर ओढायचं. बनवणाऱ्याला ती बाई कधी दिसलीच नव्हती. आई, अंगणवाडीच्या मोबाइलवर पोरांची वजनं भरताना स्क्रीन उडाली की तूही "माझंच काही चुकलं असेल" म्हणायचीस. तुझं काही चुकलेलं नसायचं गं.

बाबांसाठी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं नीट उतरायची आणि उतरल्यावर धावपट्टीवर पोटावर आपटायची. पंखाचे फ्लॅप आत घ्यायचे, तर वैमानिक चाकंच आत घ्यायचे. सगळ्यांनी वैमानिकांना दोष दिला. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी आणि हुबेहूब सारखे. त्याने एका खटक्यावर चाकाच्या आकाराची मूठ बसवली, दुसऱ्यावर पंखाच्या. दमलेल्या हाताला न बघता कळावं म्हणून. तुमची तिकिटांची पेटी आठवा. वस्तीच्या गाडीत, त्या मिणमिणत्या दिव्यात, तुम्ही तिकिटावरचा आकडा वाचत होतात थोडाच? रंग आणि जागा, बस्स, बोटं बरोबर तिथेच जायची.

"यूझर एक्सपिरियन्स" (यूएक्स म्हणजे तेच, वापरणाऱ्याचा अनुभव) हे नाव रूढ केलं डॉन नॉर्मनने, १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेल्यावर. तोही मूळचा मानसशास्त्राचा प्राध्यापक. आमच्या बॅचमध्ये (शनिवार-रविवारी दादरला कोर्स होता. तुम्हाला "ओव्हरटाइम" सांगत होते, तो हाच) एक नर्स होती, एक बालवाडीच्या बाई, एक बँकेच्या काउंटरवर उभी हयात काढलेले गृहस्थ. चित्रकला कुणालाच येत नव्हती. स्क्रीन आखायचं फिग्मा नावाचं सॉफ्टवेअर माझ्या हातात बसायला चार महिने गेले, शेजारच्या बावीस वर्षांच्या पोरीला आठवडा.

पण मी खरी नापास झाले ती भलत्याच ठिकाणी. सरावासाठी मी मोबाइलवरून केसपेपर काढायच्या स्क्रीन केल्या होत्या. त्या पाच जणांना वापरायला द्यायच्या. पाचच का, असं बाबा विचारणार. याकोब नील्सन नावाच्या, याच विषयातल्या तज्ज्ञाने २००० साली मांडलंय की पाच जणांतच साधारण ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात, नंतर तेच तेच दिसतं. माणूस वापरत असताना त्याला मनातलं मोठ्याने बोलायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं.

गप्प! आमच्या घरमालकीण मावशी पहिल्या. "विभाग निवडा" इथे त्या अडल्या. गुडघा दुखतो, तर विभाग कुठला? बोट हवेत, चेहरा कावराबावरा. माझा हात आपोआप पुढे गेला, "मावशी, इथे ऑर्थो दाबा." शिकवणाऱ्या मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू आत्ता त्यांना मदत केलीस आणि त्यांच्यासारख्या हजारांची अडचण लपवलीस." मला रागच आला. घरी येऊन चहा करताना कळलं की हॉस्पिटलात मी तेच करत होते. मी इतकी मदत केली की फॉर्म वाईट आहे हे वर कुणाला कळलंच नाही.

पुढच्या चौघांच्या वेळी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. चौघांपैकी तिघे तिथेच अडले. आता तिथे विभाग विचारत नाही, "काय दुखतंय?" विचारते.

सगळंच सोज्वळ आहे असंही नाही. एका कर्ज देणाऱ्या कंपनीत मुलाखतीला "नको" हे बटण शोधून सापडणार नाही असं करायला सांगितलं. असल्या लबाडीचे १३ प्रकार केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियमावली काढून बंद केलेत. मी तसं म्हटलं, तर ते हसले आणि पाणी हवंय का विचारलं. ती नोकरी अर्थातच मिळाली नाही. आणि हो, मी दमलेही होते. संध्याकाळी लोकलमध्ये कुणी शेजारी रडत असलं तरी तोंड खिडकीकडे वळवायला लागले होते. हे आईला आधीच कळलं असणार.

शिमग्याला चार दिवस येतेय. बाबा, परतीचं एसटीचं रिझर्व्हेशन तुम्ही तुमच्या मोबाइलवरून काढायचं. मी शेजारी बसेन, वही घेऊन. अडलात तरी सांगणार नाही, चिडलात तरी नाही. आई, तूही स्वयंपाकघरातून सांगायचं नाहीस.

तुमची,
चिमी