काका, पिसांना रंग चढला

ती. काकांस सा. नमस्कार,

फोन तुम्ही फक्त सूत आलं का विचारायला उचलता, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. नात वाचून दाखवेलच. नाव घालत नाही. बेळगावच्या वडगाव-खासबागेत रेशीम रंगवणारे काका म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगायला हवं. गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून गळ टाकणारे आपल्याकडे मलप्रभा नदीपासून हिडकल धरणापर्यंत ढीगभर आहेत. मी गळावर पिसं आणि केस दोऱ्याने आवळून खोटा किडा, खोटी मासोळी बांधतो. त्याला फ्लाय म्हणतात. मरळ त्यावर तुटून पडते, चिलापीही येते. घोडं अडतं ते रंगापाशी. बाहेरून मागवलेली रंगीत पिसं परवडत नाहीत. परदेशात हरणाच्या केसांवर मोठी भिस्त, पण आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबर-चितळाच्या केसांचा विषयच नको. मग राहतात बोकडाचे केस आणि गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं. बोकडाचे केस हरणाच्या केसांसारखे तरंगत नाहीत, पण पाण्याखालच्या मासोळीला तेच बरं. ब्रॉयलर पांढराशुभ्र मिळतो खरा, पण तो दीड महिन्यात सुरीखाली जातो; मानेचं पीस लांब व्हायला त्याला वयच मिळत नाही. म्हणून पांढरा गावठी कोंबडा कुणी कापला की मी दारात हजर.

अशी पिशवी घेऊन तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही रेशमाच्या लडी पिळत होता. बाजारातल्या एका दुकानाने ‘सगळ्याला चालतो’ म्हणून दिलेली रंगाची पुडी दाखवली. तुम्ही पुडी उलटीसुलटी केलीत आणि म्हणालात, ‘‘हा सुताचा रंग. कोंबडीला कसा चढेल?’’ रेशीम, लोकर, केस, पीस हे सगळं जिवाच्या अंगाचं, त्याला अॅसिड रंगच पाहिजे, म्हणजे आंबट पाण्यात चढणारा. कापूस झाडाचा, त्याची जात वेगळी. एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या गळ्यात माळ. कोंबड्याची पिसं रंगाच्या खोलीत येऊ देणार नाही म्हणालात, आणि ते बरोबरच होतं. पण ‘चल नीघ’ म्हणाला नाहीत. ‘‘शेगडी अंगणात मांड, पातेलं तुझं आण,’’ म्हणालात. अॅल्युमिनियमचं पातेलं परत पाठवलंत, कारण आंबट त्याला खातं आणि रंग बिघडतो. स्टीलचं आणलं, आणि घरी सांगून ठेवलं की यात आता कधी आमटी होणार नाही.

पहिला अर्धा तास तुम्ही रंगाची डबी उघडूच दिली नाहीत. आधी पिसांचं तेल काढ. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात चोळ, पाणी पिसावरून घरंगळायचं थांबेपर्यंत. मग भिजत ठेव. कोरडं पीस रंगात टाकलं की ठिपके पडतात. मी व्हिनेगरची बाटली उघडायला गेलो तर हात धरलात. ‘‘आंबट शेवटी.’’ आंबटामुळे पिसावर धन भार येतो, रंगाचा कण ऋण, म्हणून तो ओढला जातो. आंबट आधीच घातलं तर जे पीस पहिलं बुडेल ते सगळा रंग खाऊन बसतं आणि खालचं फिकट राहतं. तुम्ही हे भारबिर काही बोलला नाहीत. ‘‘आधी फिरू दे, मग धरू दे,’’ एवढंच. तुमच्याकडचं तीव्र अॅसेटिक अॅसिड मात्र मला शिवू दिलं नाहीत. घरी वाण्याकडचं व्हिनेगर पुरतं, म्हणालात. पुरतं.

पाण्याला उकळी येऊ द्यायची नाही, कडेला बारीक बुडबुडे दिसले की आच कमी. उकळलं तर पिसाची दांडी ठिसूळ होते, आणि कातडीसकट केस असतील तर कातडी आकसते. मी जुडी सुती दोऱ्याने बांधली होती. पिसं हळदीसारखी पिवळीजर्द झाली आणि दोरा जेमतेम मळल्यासारखा राहिला. तुम्ही तो बोटाने दाखवलात आणि पुढे काही बोलला नाहीत. थोड्या वेळाने पातेल्यातलं पाणीच निवळलं. सगळा रंग पिसांत गेला होता.

शेवाळी रंग बाजारात मागितला तर हिरवा देतात. तुम्ही पिवळ्यात सुईच्या टोकाएवढा काळा सोडलात, एक पीस काढून कागदावर दाबलंत, पुन्हा तेवढाच. ओलं पीस गडद दिसतं, वाळलं की उतरतं, म्हणून ओलं असताना थोडं जास्तच वाटायला हवं, हेही तिथेच कळलं. माझ्याशी मराठीत, मागावरच्या पोराशी कन्नडमध्ये, आणि माप कुणालाच न सांगता मनातल्या मनात.

पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलंत, मासा धरून काय करतोस. सोडतो म्हणालो. ‘‘सोडायचाच तर धरतोस कशाला रे?’’ याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. त्या दिवसापासून गल्लीत मला कोंबडीवाला म्हणतात तेही तुमच्यामुळेच, त्याचेही आभार.

आता काळा तेवढा राहिलाय. माझा काळा वाळला की उन्हात जांभळट दिसतो. तुम्ही म्हणाला होता, काळ्याला रंगही भरपूर लागतो आणि वेळही. वारीहून आलात की एक दिवस ठरवा. शेगडी, पातेलं माझं.

तुमचा,
कोंबडीवाला