जुनी मोटार बंद पडते तेव्हा दोष नेहमी कार्बोरेटरचा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलावर सध्या सर्वत्र वाद चालू आहे आणि त्यात जुन्या, कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणाऱ्या मोटारींचा उल्लेख निघाला की 'नव्या पेट्रोलामुळे या गाड्या बंद पडतात' एवढ्यावरच विषय संपतो. इथेनॉलाचा त्यात वाटा आहे हे मला मान्य आहे आणि त्याविषयी मी पुढे लिहिणारच आहे. पण चालती गाडी बंद पडण्याची कारणे अनेक असतात आणि ती न शोधता आधी कार्बोरेटर खोलण्याची जी सवय आपल्याकडे लागली आहे, तिने चांगल्या गाड्यांचे नुकसान होत आहे.

ठाणे, कळवा, मुलुंड या पट्ट्यात प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसेडर आणि पहिल्या पिढीतील मारुती ८०० जिव्हाळ्याने सांभाळणारी घरे आजही आहेत. पद्मिनी तर कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, म्हणजे आपल्या शेजारचीच. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. टॅक्सींमुळेच नाक्यानाक्यावर हाताला सराव असलेले मेकॅनिक टिकून होते आणि टॅक्सींबरोबर तेही कमी होत चालले आहेत. नव्या पिढीतील कारागीर हुशार आहेत, परंतु ते गाडीतल्या संगणकातून दोष वाचणारा स्कॅनर लावून काम करायला शिकले आहेत आणि या गाड्यांना स्कॅनर लावायला जागाच नाही.

अशा गाडीच्या मालकाला पहिला प्रश्न विचारायला हवा तो हा, की गाडी बंद पडली ती कशी? चावी फिरवल्यासारखी एकदम बंद झाली, की आधी धक्के खात, मिसिंग करत, ॲक्सिलरेटर दाबूनही न खेचता हळूहळू थांबली? एकदम बंद पडणारी गाडी बहुतेक वेळा विजेच्या बाजूने बिघडलेली असते आणि रखडत थांबणारी पेट्रोलाच्या बाजूने. हा नियम शंभर टक्के नाही, पण कुठून सुरुवात करायची हे त्यावरून ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच, त्याच जागी व्हायला हवी. टो करून गॅरेजमध्ये नेईपर्यंत इंजिन थंड होते, गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि मग अंदाजाने सुटे भाग बदलणे चालू होते. आमच्या पाचपाखाडीतील एका शेजाऱ्यांच्या पद्मिनीचे हेच झाले. उन्हाळ्यात माजिवड्याच्या कोंडीत ती एकदम बंद पडायची आणि अर्ध्या तासाने काही न करता चालू व्हायची. एका गॅरेजने कार्बोरेटरचे किट बदलले, नंतर एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप, बदलला, तरी तक्रार तशीच राहिली. शेवटी गाडी बंद पडलेल्या जागीच एका वयस्कर मेकॅनिकने डेल्कोच्या (प्रत्येक स्पार्क प्लगला पाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपणातून कॉइलची, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या भागाची, मधली वायर काढली, कोरड्या फडक्यात धरून तिचे टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटर अंतरावर ठेवले आणि सेल्फ मारायला सांगितला. निळी, कडकडून उडणारी ठिणगी यायला हवी होती. आली ती बारीक, पिवळट आणि मधूनच चुकणारी. डेल्कोचे टोपण काढल्यावर पॉइंटची, म्हणजे कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची, तोंडे काळी पडून त्यांना खड्डे पडलेले दिसले. पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देत होता, हे खरे कारण निघाले. कंडेन्सर आणि पॉइंट बदलून, पॉइंटमधील फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लावल्यावर गाडी आजतागायत बंद पडलेली नाही. कॉइलसुद्धा गरम झाल्यावर असाच त्रास देते, हे येथे नमूद करतो. ही तपासणी करताना आसपास पेट्रोल सांडलेले नसावे, एवढी खबरदारी मात्र घ्यावीच.

ठिणगी खणखणीत असेल तर मोर्चा पेट्रोलाकडे वळवावा आणि तोही कार्बोरेटरपासून नव्हे, टाकीपासून. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले की आत पोकळी तयार होते आणि काही किलोमीटर गेल्यावर पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. बंद पडल्यावर झाकण उघडताना सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर दोष सापडला; त्याला खर्च जवळजवळ शून्य. सपाटीवर ठीक चालणारी गाडी घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ चढताना दम टाकत असेल, तर पेट्रोल गाळणारी जाळी, फिल्टर किंवा पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) पाहावा. मे महिन्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला उभे राहिल्यावर इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि नळीत पेट्रोलाची वाफ होते, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुन्या चालकांचा उपाय यावरच आहे, पण तो तात्पुरता. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर घेणे आणि रेडिएटर स्वच्छ ठेवणे.

गाडी रेसवर उत्तम चालते आणि पाय काढला की बंद पडते, अशी तक्रार असेल तरच कार्बोरेटरवर पहिला संशय घेणे योग्य. आयडलचे, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन संथ चालू ठेवणारे, बारीक जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) कचऱ्याने बुजते. ते हवेच्या दाबाने साफ करावे, तार घालू नये, कारण पितळेचे छिद्र वाढले की मिक्स्चर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचे प्रमाण, कायमचे बिघडते. जेट साफ करूनही फरक पडत नसेल तर कार्बोरेटरखालचे पॅकिंग किंवा झिजलेला थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) दांडा बाहेरची हवा घेत असतो आणि असा दांडा कितीही किट घातली तरी सुधारत नाही. ब्रेक मारताना किंवा वळणावर बंद पडणाऱ्या गाडीत फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरमधील पेट्रोल ठरलेल्या उंचीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी तपासावी.

आता इथेनॉल. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे साडेतेरा पट पुरते. नव्या गाडीतील संगणक हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरची जेट मात्र ठरलेल्या मापाची असतात, म्हणून मिक्स्चर पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि आधीच काठावर असलेले आयडलिंग कोलमडते. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम इथेनॉलाने फुगतात किंवा चिरतात, आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला मळ सुटून जाळीत येतो. त्यातही आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, जिथून पंप पहिला घोट घेतो. टाकीच्या तळचे थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवले तर खालचा वेगळा थर डोळ्यांना दिसतो.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. तेल कंपन्यांनी ठाणे आणि नवी मुंबईत निदान काही पंपांवर इथेनॉल नसलेले साधे पेट्रोल परवडणाऱ्या दरात ठेवावे, कारण या गाड्या महिन्याकाठी मोजके लिटर पेट्रोल वापरतात आणि त्यांच्यासाठी फार मोठा साठा लागणार नाही. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांकडून पॉइंट लावणे, ठिणगी तपासणे आणि फ्लोटची पातळी बसवणे ही कामे प्रत्यक्ष गाडीवर करून घ्यावीत. ती शिकवू शकणारे वयस्कर कारागीर आज आपल्या शहरात आहेत, त्यांना मानधन देऊन बोलवावे.

आपला,
एक जुना वाचक आणि मोटारमालक
पाचपाखाडी, ठाणे